कुंकू लावलेला कॉम्प्युटर

तुमच्या घरात, दुकानात किंवा शाळेत आलेला पहिला कॉम्प्युटर आज कुठं आहे? भंगारात दिला, एवढं सांगून सुटू नका. देण्याआधी त्याच्या पोटात काय होतं ते कुणी पाहिलं होतं का?

हा प्रश्न मी रागानं विचारते आहे आणि राग लपवायची मला सवय नाही. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. बारामतीत आमचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, बिलबुकं आणि जत्रेची हँडबिलं यांच्यावर घर चालायचं, आणि उरलेल्या शाईत आप्पा, म्हणजे माझे वडील, स्वतःची पत्रकं छापायचे. बुवाबाजीवर, हुंड्यावर, पाण्याच्या वाटपावर. ती वर्तमानपत्राच्या घडीत घालून घरोघर जायची. मुळाक्षरं मी अंकलिपीपेक्षा वाया गेलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर जास्त गिरवली. चूक दिसली की चारचौघांत बोलायचं, हे मला वेगळं कुणी शिकवलं नाही.

जुने कॉम्प्युटर दुरुस्त करण्याचा नाद मात्र माझा मीच लावून घेतला. दिवसा मी एका क्लासमध्ये शिकवते. बाकी वेळ घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असते. तिथं मोठ्या पाठीचे मॉनिटर आहेत, पिवळे पडलेले कीबोर्ड आहेत, फ्लॉपीचे ड्राइव्ह आहेत आणि एका कोपऱ्यात कर्कश आवाज करणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे. गल्लीत मला भंगारवाली म्हणतात. एका कार्यक्रमात आत्यानं सगळ्यांसमोर विचारलं होतं की रुखवतात काय मांडणार, मदरबोर्ड? मी म्हटलं, मांडीन की, चालू करून मांडीन. त्यानंतर आत्यानं स्थळ सुचवणं बंद केलं. हा नादाचा पहिला फायदा.

लोक विचारतात, कशाला हा खटाटोप, नवीन का घेत नाहीस. नवीन मशीन मला उघडू देत नाही, म्हणून. ते डिंकानं चिकटवलेलं असतं. बिघडलं की दुकानदार तीन मिनिटं बघतो आणि म्हणतो, बोर्ड गेला, नवीनच घ्या. जुन्या मशीनला चार स्क्रू असतात. ते काढले की आत काय चाललंय ते दिसतं, कुठं बिघडलंय ते शोधता येतं. आपण पैसे देऊन आणलेली वस्तू आपण उघडायची नाही हा नियम कुणी केला आणि आपण तो निमूट का पाळतो, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी आक्का आल्या. त्यांना मी आधी ओळखत नव्हते. सणसरच्या पुढं एका वाडीत त्यांची दोन एकर जमीन. साठी ओलांडलेली, हातात कापडी पिशवी, आणि बोलणं असं की समोरच्यानं आधी हसावं आणि मग ओशाळावं. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली एक चिठ्ठी काढली. चिठ्ठी कसली, पत्रकाची खालची पट्टी होती ती. वरचं सगळं वाळवीनं खाल्लेलं. पट्टीवर आमच्या छापखान्याचं नाव तेवढं शाबूत होतं.

त्यांच्या वाडीला कालव्यावरून एक चारी, म्हणजे छोटा पाट, येते. चारीवर जेवढी शेतं तेवढ्यांची मिळून पाण्याची सोसायटी. कालव्याला पाणी सुटलं की प्रत्येक शेताला ठरलेले तास मिळतात, त्याला पाळी म्हणतात. ही पाळी चारीच्या शेवटच्या शेतापासून सुरू करायची, असं सोसायटी झाली तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. कारण साधं आहे. वरच्या शेतापासून सुरू केली तर वरचे आपापल्या शेताची पाण्याची दारं उघडी ठेवतात आणि पाणी खाली पोचेपर्यंत कालवा बंद होतो. खालचा भिजला की वरचा आपोआप भिजतोच. ती यादी तेव्हा आप्पांनी पत्रक म्हणून छापली होती आणि मारुतीच्या देवळात चिकटवली होती. आता देवळाला नवा रंग झाला, जुने संचालक गेले आणि नव्या चेअरमननं नवी यादी काढली. ती वरून सुरू होते. चेअरमनचं शेत वर आहे. आक्कांचं शेत सगळ्यात शेवटी.

आक्कांनी सोसायटीत जाऊन विचारलं, तर जुनी यादी दाखवा म्हणाले. सोसायटीच्या दप्तरात ती नव्हती. कशी नव्हती, ते विचारायचं नाही.

"माझ्या वावरात पाणी येत हुतं ते कागदावरच," आक्का म्हणाल्या. "आन आता कागद बी वाळवीनं खाल्ला. वाळवी बी वरच्या अंगाचीच असणार."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांच्या तीन गाई आहेत. दोन एकरांत मका आणि कडवळ, सगळा चाराच. मागच्या पाळीत पाणी आलं नाही, चारा निम्मा वाळला. या पाळीतही आलं नाही, तर गाई बाजारात न्याव्या लागणार होत्या. पाणी सुटायला तीन आठवडे होते आणि त्याआधी सोसायटीची सभा होती. जुनी यादी सापडली तर ती त्या सभेतच मांडावी लागणार होती.

आप्पांना मी ती पट्टी दाखवली. त्यांनी चष्मा वर करून डोळ्यांजवळ धरली. ही जुळणी त्यांचीच, कॉम्प्युटरवर स्वतः बसून केलेली. मग ती यादी कॉम्प्युटरमध्ये असेल की, मी म्हटलं. आप्पांनी पट्टी परत दिली आणि सांगून टाकलं. छापखाना बंद केला तेव्हा ते मशीन त्यांनी भंगारात दिलं होतं. फ्लॉप्यांना बुरशी आली म्हणून त्याही टाकल्या होत्या. मी तेव्हा होस्टेलवर होते.

जगाला जाब विचारणारी पत्रकं काढणारा माणूस, आणि त्यानंच सगळी पत्रकं किलोवर घातली. मी त्यांना त्या दिवशी फार बोलले. ते सगळं इथं लिहिणार नाही, पण त्यातला एक शब्दही मी मागं घेतलेला नाही.

इंदापूर रस्त्याला एका भंगारवाल्या चाचांचं आवार आहे. माझ्या शेडमधला निम्मा माल त्यांच्याकडूनच आलेला. ते मला कधी बोर्ड फोडायच्या आधी फोन करतात, कधी एखादी वस्तू बाजूला काढून ठेवतात. चाचांनी चहा मागवला आणि बसायला सांगितलं. पोतं टाकलेल्या एका ठोकळ्यावर बसून मी सगळी हकिगत सांगितली. छापखान्याचं मशीन, आडवा डबा, राखाडी रंग. फोडलंच असेल तुम्ही, म्हटलं.

चाचा चहाचा कप घेऊन थांबले.

"त्याच्यावरच बसलीयस की तू," ते म्हणाले.

मी उठले. पोतं काढलं. खाली आमचं मशीन होतं. वरच्या पत्र्यावर स्वस्तिक काढलेलं, कुंकवाचं, फिकट झालेलं पण दिसणारं. शेजारी हळदीची पाच बोटं.

चाचा म्हणाले, "वर कुंकू हुतं. पूजेची वस्तू दिसली. घन घालायला हात धजंना बघ. मग म्हनलं ऱ्हाऊ दे, बसायला हुईल."

पूजेच्या वस्तूवर बसलेलं चालतं का, असं मी विचारलं.

"मी कुठं बसतो? गिऱ्हाईक बसतं."

पैसे त्यांनी घेतले नाहीत. चालू झालं तर पेढे आण म्हणाले, न झालं तर मशीन परत आण, कारण स्टूल त्यांना लागतं.

मशीन शेडमध्ये आलं. आता कुणालाही वाटेल की बटण दाबून बघावं. तेच करायचं नसतं. किती तरी मशीनं पडून राहिल्यामुळं मरत नाहीत. ती त्या पहिल्या उतावीळ बटणानं मरतात. मी स्क्रू काढले. आत भुसा, धूळ, पालीची दोन अंडी, आणि वीज पुरवणाऱ्या डब्याच्या पंख्यात कुंभारमाशीनं बांधलेलं मातीचं घर. ते टोकरून काढलं. त्या डब्यातले दोन कपॅसिटर फुगून वर आलेले. नवीन कपॅसिटर बारामतीत मिळाले नाहीत, म्हणून वडगाव निंबाळकरला गेले. तिथं एका आबांचं पूर्वी टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान बंद झालं, पण बरण्यांत भरलेले सुटे भाग त्यांनी टाकलेले नाहीत. त्यांनी बरण्या ओतून हवे ते दोन शोधून दिले आणि काय दुरुस्त करतेस ते विचारलं. ऐकल्यावर म्हणाले, तासभर आधी नुसता पुरवठा तपास, बोर्ड जोडू नको. जाणती माणसं अशी एका वाक्यात काम सांगतात.

मीटर लावून पुरवठा तपासला. बारा व्होल्ट, पाच व्होल्ट, ठीक. बोर्ड जोडला, मॉनिटर जोडला, बटण दाबलं. पंखा फिरला. स्क्रीन काळी. आणि लांब शिट्ट्या सुरू झाल्या, एकामागून एक, थांबून थांबून.

जुनं मशीन असं बोलतं. लांब शिट्टी पुन्हा पुन्हा म्हणजे स्मरणशक्तीच्या पट्ट्या, रॅम, लागत नाहीत. उपाय सगळ्यांना माहीत असलेला. पट्ट्या काढायच्या, त्यांच्या सोनेरी कडा खोडरबरानं घासायच्या, परत बसवायच्या. घासल्या. शिट्ट्या. जागा बदलल्या. शिट्ट्या. दुसऱ्या मशीनच्या पट्ट्या लावल्या, तरी शिट्ट्या. तीन दिवस गेले. क्लासमध्ये मुलांना शिकवताना माझ्या कानात त्याच शिट्ट्या वाजत होत्या.

चौथ्या दिवशी सकाळच्या उन्हात बोर्ड तिरका धरला, भिंग लावलं आणि पट्ट्या बसतात त्या खाचेत बघितलं. तळाशी लाल रेघ होती. गंज तपकिरी असतो, हा लाल होता. टाचणीनं खरवडलं आणि बोटावर घेतलं. कुंकू.

आप्पांना शेडमध्ये बोलावलं आणि बोट दाखवलं. त्यांनी आधी बोट बघितलं, मग बोर्ड, मग दुसरीकडं बघायला लागले.

मग सांगितलं, दर खंडेनवमीला ते मशीन उघडायचे. भात्यानं धूळ उडवायची, मग हळदकुंकू, फूल, अगरबत्ती. बाहेर स्वस्तिक काढायचं आणि आत बोर्डावर एक ओलं बोट टेकवायचं. वर्षानुवर्षं. ओलं कुंकू ओघळून खाचेत गेलं, वाळलं, आणि पुढच्या वर्षी त्याच्यावर पुढचं. मग एका दसऱ्यानंतर मशीन चालू झालंच नाही आणि आप्पांनी मानलं की मशीन गेलं. छापखाना बंद करण्यामागं ते एक कारण होतं. मला ते तेव्हा समजलं.

बुवाबाजीवर ढीगभर पत्रकं काढणाऱ्या माणसानं कॉम्प्युटरच्या कपाळाला कुंकू लावावं, याचा मला संताप आला. मी म्हटलं, आप्पा, तुम्हीच ना लिहिलं होतं की यंत्राला देव करणारा माणूस यंत्रही घालवतो आणि डोकंही?

"देव म्हणून न्हाय लावलं," आप्पा म्हणाले. "बेंदराला बैलाच्या शिंगांना रंग लावतो, तो काय देव म्हणून? वर्षभर राबतंय, एक दिवस हात फिरवावा. तुला यंत्र दुरुस्त करता येतं. मला तेवढंच येत हुतं."

ज्या कुंकवानं मशीन बंद पाडलं होतं, त्याच कुंकवानं चाचांचा घन थांबवला होता. हे मला आवडो न आवडो, घडलं असं. मी मात्र आप्पांना एवढं बजावलं की पुढच्या वेळी हात फिरवायचा तर बाहेरून, आणि कोरडा. ते म्हणाले, बरं.

स्पिरिट आणि दातांचा मऊ ब्रश घेऊन मी ती खाच साफ केली. दोन वेळा, तीन वेळा, कापसावर लाल यायचं थांबेपर्यंत. दिवसभर सुकवली. संध्याकाळी बटण दाबलं. एकच छोटी शिट्टी, आणि काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं धावायला लागली. आप्पा दारात उभे होते. त्यांनी आत जाऊन आईला बोलावून आणलं.

यादी अजून हाती आली नव्हती. ती होती हार्डडिस्कवर, आणि हार्डडिस्क फिरताना टक टक करत होती. असा आवाज म्हणजे तिचे मोजके तास उरलेत. मी ती लगेच बंद केली, मशीनमधून काढली, आडवी न ठेवता कडेवर उभी ठेवली आणि तिच्यावरचं सगळं जसंच्या तसं एका मेमरी कार्डावर उतरवायला लावलं. सकाळी सुरू केलेलं काम दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं. काही भाग वाचताच आला नाही. त्या वाचता न आलेल्या भागात आक्कांची यादी असेल का, हे यादी उघडून बघेपर्यंत समजणार नव्हतं. सभेला चार दिवस उरले होते. आक्कांचा रोज फोन यायचा. मशीनचं काही विचारायच्या नाहीत, गाईंनी आज किती दूध दिलं ते सांगायच्या. आकडा रोज खाली येत होता.

कार्ड माझ्या नेहमीच्या कॉम्प्युटरला लावलं. फाइल सापडली. आप्पांनी रोमन अक्षरांत नाव दिलेलं, 'पाणी तीन'. उघडली तर कावळ्याचे पाय. अक्षरांच्या जागी कंस, टिंबं आणि डॉलरची चिन्हं. त्या काळी मराठी लिहिण्याचं सॉफ्टवेअर ज्या त्या कंपनीचं असायचं, आणि प्रत्येक कंपनी आपली अक्षरं आपल्याच पद्धतीनं साठवायची. त्या कंपनीचं सॉफ्टवेअर नसेल तर मराठी वाचता येणार नाही. आणि सॉफ्टवेअर असलं तरी मशीनच्या मागं प्रिंटर लावायच्या जागी आधी एक छोटी डबी लावून प्रिंटर तिला जोडावा लागायचा. तिला सगळे लॉक म्हणायचे. लॉक नसेल तर सॉफ्टवेअर उघडणारच नाही. आमची भाषा, आमची जुळणी, आमचं पत्रक, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. तो दुसराही आता धंद्यातून उठलेला. याला चोरी म्हणत नाहीत, कारण ती बिलावर झालेली असते.

आमचं नशीब एवढंच की लॉक मशीनच्या मागं तसंच होतं. स्क्रू गंजून घट्ट झाले होते म्हणून भंगारात जातानाही ते निघालं नव्हतं. ते कार्ड मी हार्डडिस्कच्या जागी जुन्या मशीनला जोडलं. मशीनला वाटलं आपली डिस्क परत आली. सॉफ्टवेअर उघडलं. 'पाणी तीन' उघडली.

सगळ्यात वर आक्कांच्या सासऱ्यांचं नाव होतं. शेताचा नंबर, तास, वार. यादीत त्याच्या खाली, चारीवर त्यांच्या वर असलेलं शेत. असं चढत चढत शेवटी चेअरमनच्या वडिलांचं नाव. मधे एक ओळ वेगळी होती, 'गुरांच्या हौदासाठी अर्धा तास'. आणि तळाला सगळ्यांची संमती, नावानिशी.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची रिबन वाळली होती, तिला स्टॅम्प पॅडची शाई पाजली. कडेला भोकं असलेला कागद लावला. प्रिंटर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा करकरला. कागद घेऊन मी आक्कांना फोन केला. त्या म्हणाल्या, "सासऱ्याचं नाव पयलं हाय नव्हं? मग झालं."

झालं नव्हतं. सभा देवळासमोरच्या मंडपात होती. आप्पा आले नाहीत. बापानं लेकीसाठी दिलेली साक्ष कुणी मोजत नाही, तू एकटीच जा, असं ते म्हणाले. मी उभी राहिले, कागद वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या नावापर्यंत. वाचताना माझा आवाज आप्पांच्या पत्रकासारखा झाला होता, हे मलाही जाणवलं.

चेअरमननं शांतपणे कागद मागून घेतला. खालून वर बघितला, वरून खाली बघितला. मग वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं छापल्याची तारीख होती. जुन्या मशीनची बॅटरी मेलेली असते. नवी घातल्यावर घड्याळ लावावं लागतं, नाही तर ते त्याच्या जन्माच्या वेळचं वर्ष दाखवतं. मी घाईत ते लावलं नव्हतं. कागदावरची तारीख सोसायटी जन्मण्याच्याही आधीची होती.

"ताई, सोसायटी व्हायच्या आधीच तुमच्याकडं यादी तयार हुती?" चेअरमन म्हणाले. "कॉम्प्युटर तुमचा, टायपिंग तुमचं, वडील तुमचे. आमी काय फक्त पाणी द्यायचं?"

मंडप हसला. मी घड्याळाचं सांगायला लागले. बॅटरी, तारीख, सॉफ्टवेअर. जसजशी सांगत गेले तसतशी मी खोटी वाटत गेले. चूक माझीच होती. इतके दिवस मी एका मशीनला सगळं आठवायला लावलं आणि त्याला आजचा दिवस सांगायला विसरले.

तेव्हा मागच्या बाकावरून एक म्हातारे तात्या उठले. ते कळसचे. पूर्वी या चारीवर पाटकरी होते, म्हणजे पाणी सोडायचं आणि बंद करायचं काम त्यांचं. आता इथं वाडीत लेकीकडं राहतात. त्यांनी कुणाला उद्देशून न बोलता विचारलं, त्यात हौदाचा अर्धा तास हाय का?

मी म्हटलं, आहे. चेअरमनच्या हातून कागद परत घेतला आणि ती ओळ पुन्हा वाचली.

"हौद पाडून किती वर्सं झाली रं?" तात्यांनी चेअरमनला विचारलं. "ही पोरगी तवा दुधाच्या दातांची असंल. हौद हुता हेच आता निम्म्या वाडीला ठाव न्हाय. हिला कुणी सांगितलं? अर्धा तास मी सोडीत हुतो. बुधवारी. काय लिवलंय त्यात?"

मी कागद बघितला. बुधवार.

मंडपात कुणी हसलं नाही. मग वरच्या अंगाचाच एक शेतकरी म्हणाला की हौदावर त्याच्या आजोबांची म्हैस बुडता बुडता वाचली होती. दुसरा म्हणाला, ती आमची म्हैस. वाद म्हशीवर गेला आणि यादी खरी आहे हे त्यातच ठरून गेलं. सभेनं लिहून घेतलं, पाळी शेवटच्या शेतापासून. चेअरमननं सही केली. बाहेर पडताना ते मला म्हणाले, घड्याळ लावून घ्या आता. मी म्हटलं, लावते. तुम्ही दारं लावून घ्या.

पाणी सुटलं तेव्हा मी मुद्दाम गेले. दिवसाउजेडी, सकाळी नऊच्या सुमाराला चारीच्या शेवटी पाणी आलं. पुढं फेस आणि पाचोळा, मागं गढूळ पाणी. आक्का खोरं घेऊन बांधावर उभ्या होत्या. त्यांनी दार फोडलं, पाणी मक्यात वळवलं आणि मला म्हणाल्या की उगं उभी राहू नको, त्या कोपऱ्यातनं पाणी फुटतंय, पाय लाव. मी चपला काढून चिखलात पाय लावला. निम्मा मका गेलेला होता, तो काही परत आला नाही. पण गाई दावणीला होत्या आणि आहेत.

चाचांना पेढे दिले. त्यांनी एक पेढा मशीनला नैवेद्य दाखवायला ठेव म्हणून परत केला. आणि आता बसायला काय, असं विचारलं. मी त्यांना एक खरंखुरं स्टूल नेऊन दिलं.

मशीन शेडमध्ये चालू आहे. आप्पांची तेव्हाची सगळी पत्रकं मी एकेक करून आजच्या, कुणाचंही लॉक नसलेल्या युनिकोड अक्षरांत उतरवते आहे. त्यात निवेदनं आहेत, ठराव आहेत, याद्या आहेत, आणि कुणाकुणाच्या वडिलांनी दिलेले शब्द आहेत. आता दुसऱ्या गावांतून लोक विचारायला येतात. काहींचं आमच्याकडं सापडतं, बरंचसं सापडत नाही, कारण ते ज्या मशीनमध्ये होतं ते कुणीतरी न बघता देऊन टाकलं. चेअरमनला जुनी यादी गायब करायला काही करावं लागलं नव्हतं. आपण सगळ्यांनी मिळून ते काम आधीच करून ठेवलं होतं. ते आपण थांबवलं नाही तर पुढच्या चेअरमनला कष्टच नाहीत.

म्हणून तुम्हाला एक मागते. माळ्यावर, शाळेच्या कपाटामागं किंवा सोसायटीच्या अडगळीत जुनं मशीन असेल, तर या आठवड्यात ते खाली काढा. बटण दाबू नका. मागं एखादी डबी लावलेली असेल तर ती तशीच राहू द्या. त्यावर कागद चिकटवा आणि पेननं लिहा, हे कुणाचं, यावर काय काम व्हायचं, कोण करायचं. मग ते उघडता येणाऱ्या माणसाकडं न्या. तुमच्या तालुक्यात असा कुणीतरी असतोच, गल्ली त्याला भंगारवाला म्हणत असेल, त्यावरून ओळखा. आणि तोवर भंगाराची गाडी दारात आली, तर तिला मोकळी जाऊ द्या.